इंटर्नशिप कंपनीत की प्रयोगशाळेत? पुढची डिग्री कोणती, त्यावर ठरवा

बेळगाव : मुलगा किंवा मुलगी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आली की घरात चर्चा सुरू होते. ओळखीने उद्यमबागेतल्या कारखान्यात लावायचं, बेंगळूरची कंपनी गाठायची, की एखाद्या प्रोफेसरांच्या हाताखाली संशोधन करायचं? विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या (व्हीटीयू) २०२२ च्या अभ्यासक्रमात १४ ते २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. ती उद्योगात केलेली चालते, तशी संशोधनातही.

लगेच नोकरी हवी असेल तर कंपनीच बरी. पुढे शिकायचं असेल तर मात्र आधी डिग्री ठरवावी.

गेटवरून एम.टेक. : नियमित एम.टेक.च्या प्रवेशात मुख्य वजन गेटच्या गुणांना असतं. इंटर्नशिप कुठली, याने फारसा फरक पडत नाही. गेट फेब्रुवारीत असते. अभ्यासाला वेळ उरेल अशी जागा बघावी.

संशोधनाची एम.एस. किंवा पीएच.डी. : इथे मुलाखत होते. काय केलं, कुठे चुकलं, मग काय बदललं, हे खोदून विचारतात. परदेशी अर्जाला बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात. सोबत काम केलेल्या मार्गदर्शकाच्या पत्राला वजन असतं, एच.आर.च्या छापील प्रमाणपत्राला नाही.

परदेशी कोर्सची एम.एस. : कंपनीचा अनुभव इथे उपयोगी पडतो. पण खर्च बहुधा घरचा किंवा कर्जाचा. उलट अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या बहुतेक पीएच.डी.ला फी माफ होऊन मानधन मिळतं, आणि अनेक विद्यापीठांत बी.ई.नंतर थेट अर्ज करता येतो. "संशोधनात पैसा नाही" म्हणणाऱ्या पालकांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

संशोधनाची चव मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच घ्यावी. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, तीही मानधनासह. अर्ज आदल्या वर्षाअखेरच भरावा लागतो, उन्हाळ्यात जाग येऊन उपयोग नाही. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादची सीसीएमबी इथल्या शास्त्रज्ञांचं काम वाचून थेट ईमेल करायलाही हरकत नाही.

दूर जाणं जमत नसेल तरी अडत नाही. बेळगावच्या फाउंड्रीत रोज काही कास्टिंग रिजेक्ट होतात. वाळूतला ओलावा, धातूचं तापमान आणि रिजेक्शन यांची दोन-तीन महिने नीट नोंद ठेवली, कॉलेजच्या सरांसोबत त्याचं कारण शोधलं, तर कारखान्यातलं कामही संशोधनच होतं. पैसे घेऊन नुसतं प्रमाणपत्र देणाऱ्या 'इंटर्नशिप'पेक्षा ते कैक पटीने बरं.

जागा पक्की करण्याआधी एवढंच विचारावं : काम संपल्यावर, मी नेमकं काय केलं हे एक पानभर लिहू शकेल असं माणूस तिथे असेल का? उत्तर 'नाही' असेल, तर दुसरी जागा शोधलेली बरी.