ढीग गेला, पण जागा साफ झाली का?

कसबा पेठेतला कचरा सकाळी गाडीत पडतो आणि आपल्या डोळ्यांआड होतो. नव्वदच्या दशकापासून कित्येक वर्षे पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले, गावकऱ्यांना टँकरवर दिवस काढावे लागले, आंदोलने झाली. पुढे काही ढिगांवर कॅपिंग झाले, जुना कचरा चाळून हलवण्याचे बायोमायनिंगही सुरू झाले. वस्तीत आरोग्यावर बोलायला बसलो की भगिनी विचारतात, "ताई, ढीग गेला म्हणजे जागा साफ झाली ना?"

आम्ही परिचारिका या प्रश्नाकडे वॉर्डातल्या अनुभवाने पाहतो. थर्मामीटर फुटून पारा सांडला तर झाडू मारायचा नसतो. झाडूने पाऱ्याचे मणी फुटून आणखी पसरतात, फटीत बसतात आणि त्यांची वाफ श्वासात जाते. फरशी मात्र चकचकीत दिसते. जमिनीचेही तसेच आहे. शिसे, पारा, क्रोमियम डोळ्यांना दिसत नाहीत.

मग जागा साफ झाली हे ठरते कसे? हल्ली ते 'जोखमी'वर ठरवतात. विष आहे, ते पोहोचायला वाट आहे आणि वाटेच्या टोकाला माणूस आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच जोखीम. वाट म्हणजे विहिरीचे पाणी, उडणारी धूळ, त्या मातीतली भाजी, तिथे चरणाऱ्या जनावराचे दूध. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला ठाऊक आहे. कारणांच्या साखळीतली कडी तोडली की दुःख थांबते. इथेही कडी तोडायचे तीन मार्ग आहेत: विष उचलून नेणे, ते जागीच झाकून बंद करणे किंवा माणसांना तिथून दूर ठेवणे.

हा विचार शास्त्रीय आहे. सगळी माती खणून नेणे दर वेळी शक्य नसते. पण पहिला मार्ग सोडून इतर दोन निवडले, तर विष जागेवरच राहते. किती राहू द्यायचे, हे त्या जागेवर कोण वावरणार यावरून ठरते. कारखान्याच्या जागेला सैल मर्यादा, घरांच्या जागेला कडक. हिशेबात आठ तास काम करणारा धडधाकट माणूस धरला, तर मातीत खेळून तीच बोटे तोंडात घालणारे मूल त्यात येत नाही. कचरावेचक भगिनी, शेळ्या चारणारी आजी, गटारात उतरणारे आपले सफाई कामगार बांधव येत नाहीत. आमची हरकत इथे आहे.

तमिळनाडूतल्या कोडाईकनालचे उदाहरण घ्या. हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटर कारखाना २००१ साली बंद पडला. त्याची पारा लागलेली काच भंगारात सापडली होती. मातीत किती पारा राहू द्यायचा यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा मंजूर झाली, तेव्हा ती फार सैल असल्याचे कामगार आणि कार्यकर्ते सांगत राहिले. भोपाळची गॅसगळती १९८४ची. कारखान्यात साठवलेला ३३७ टन घातक कचरा २०२५च्या जानेवारीत पिथमपूरला नेला आणि तिथे जाळला. कारखान्याच्या आवारातली माती आणि आसपासचे भूजल यांचा प्रश्न अजून बाकी आहे.

जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी वेगळे नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा. निव्वळ घनकचऱ्याचे डेपो यातून वगळले आहेत. मात्र डेपोत घातक रसायने मिसळली असून त्यांचे प्रमाण मर्यादेबाहेर असेल, तर हेच नियम लागू होतात. म्हणजे सगळे तपासणीवर अवलंबून आहे.

म्हणून कोणतीही जागा 'बंद' वा 'साफ' जाहीर झाली की चार प्रश्न लेखी विचारा. माती आणि पाणी कशाकशासाठी तपासले? मर्यादा कोणत्या वापरासाठी धरली, घरांच्या की कारखान्याच्या? झाकलेल्या विषावर किती वर्षे, कोण लक्ष ठेवणार? पुढे तिथे घरे किंवा शाळा बांधायची ठरली तर फेरतपासणी होणार का? माहिती अधिकाराचा कायदा हाताशी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठही पुण्यातच आहे.

घरी एवढे पाळा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे किंवा पारा जात नाही. संशय असलेल्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, तोवर ते प्यायला आणि स्वयंपाकाला वापरू नका. कचऱ्यात, भंगारात काम करणाऱ्यांनी घरी येताच अंग धुवावे, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. जुनी बॅटरी घरात किंवा अंगणात फोडू नका. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. मूल अशा धुळीत वाढत असेल तर डॉक्टरांना रक्तातले शिसे तपासण्याबद्दल विचारा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क सांगितला. त्या पाण्यात काय मिसळले आहे हे जाणून घेणे, हाही त्याच हक्काचा भाग आहे. तो मागायला लाजू नका.

जय भीम!