बाळाला घेऊन युरोपची क्रूझ: आधी ठरवायच्या गोष्टी

आम्ही दोघं क्रूझहून परतलो हे कोजागिरीच्या कार्यक्रमात कळलं, तेव्हा पहिला प्रश्न जेवणाचा आला आणि दुसरा, "एवढ्याशा बाळाला नेलंत कसं?" नात तेव्हा दहा महिन्यांची होती. लेक, जावई, आम्ही दोघं आणि ती, असे पाच जण सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाहून सात रात्रींच्या फेरीला गेलो होतो. मार्सेय, जेनोवा, रोमसाठीचं चिवितावेक्किया बंदर, पालेर्मो, एक दिवस नुसता समुद्र, मग पाल्मा आणि परत बार्सिलोना. त्यानंतर मंडळातल्या तीन-चार कुटुंबांनी तपशील विचारले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो आहोत.

क्रूझच का?

बाळाला घेऊन युरोप फिरताना खरा त्रास होतो तो रोज हॉटेल बदलण्याचा. बाटल्या, दुपटी, डायपर, औषधं, सगळं रोज बांधायचं आणि रोज सोडायचं. जहाजावर सामान एकदाच लावलं की आठवडाभर हलवावं लागत नाही. गाव बदलतं, पण बाळाची झोपायची जागा तीच राहते. जेवण तयार, कपडे धुण्याची सोय पैसे देऊन, आणि दुपारी झोप आली की खोली जवळ. एवढं लहान मूल समुद्र लागून आजारी पडेल, अशी भीती आम्हाला होती. पण दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. आमच्यात तो आजोबांना झाला.

वय आणि केबिन

बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत. अटलांटिक ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस समुद्रात असणाऱ्या फेऱ्यांसाठी ही अट बारा महिन्यांची असते. वय निघण्याच्या दिवशी मोजतात, बुकिंगच्या दिवशी नाही.

विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, जहाजावर मात्र त्याची पूर्ण माणूस म्हणून गणती होते. जीवरक्षक नौकांतल्या जागा माणशी मोजलेल्या असतात, त्यामुळे दोघांच्या केबिनमध्ये आई-वडील आणि "छोटंसं बाळ" असं चालत नाही. केबिन तीन जणांचीच घ्यावी लागते. भाड्याचे नियम वेगवेगळे आहेत: कुठे बाळाचे फक्त कर आणि बंदरशुल्क घेतात, कुठे तिसऱ्या प्रवाशाचं भाडं लावतात. लेखी विचारून घ्या.

पाळणा बहुधा फुकट मिळतो, पण जहाजावर मोजकेच असतात. बुकिंग करतानाच मागा. बहुतेक केबिनमध्ये फक्त शॉवर असतो, म्हणून आम्ही हवा भरायचा छोटा टब नेला होता. शक्य असेल तर आजी-आजोबांची केबिन शेजारची आणि मधून दार असलेली घ्या. त्या दाराचा उपयोग पुढे सांगतो. बाल्कनी असेल तर एक मोठा माणूस दिवा न लावता बाहेर बसू शकतो आणि बाळ आत झोपतं. मात्र रांगतं मूल असेल तर बाल्कनीच्या दाराची कडी कायम लावलेली हवी.

पासपोर्ट, व्हिसा, विमा

तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्टसाठी आई-वडील दोघांची संमती लागते आणि लहान मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. जून 2024 पासून मोठ्यांचं व्हिसाशुल्क 90 युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा असतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मुक्काम ज्या देशात सर्वांत जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे.

आमची सगळी बंदरं शेंगेनमधलीच होती. तुमचं जहाज मध्येच तुर्कस्तान, माँटेनेग्रो किंवा ब्रिटनला जाणार असेल, तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. त्या देशांचे व्हिसाचे नियमही वेगळे तपासावे लागतील. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे.

विमा किमान 30,000 युरोंचा बंधनकारक असतो. तो घेताना बाळाचं नाव आहे का आणि जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पाहा. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो बालरोगतज्ज्ञ असेलच असं नाही, आणि तपासणीचं बिल लगेच लागतं.

लस आणि औषधं

निघण्याच्या दीड-दोन महिने आधी बाळाच्या डॉक्टरांना भेटा. 2024 मध्ये युरोप विभागात गोवराचे पंचवीसहून अधिक वर्षांतले सर्वाधिक रुग्ण नोंदले गेले. गोवराच्या लशीचा पहिला डोस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. बाळ त्याहून लहान असेल तर प्रवासासाठी आधी जादा डोस द्यायचा का, हे डॉक्टर ठरवतील. तापाचं औषध वजनानुसार मात्रा लिहून घेऊन, चिठ्ठीसह न्या. थर्मामीटर आणि ओआरएस विसरू नका. युरोपियन संघात कुठेही तातडीचा क्रमांक 112 आहे.

जहाजावर उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. हात साबणाने धुवायचे, आणि रांगणाऱ्या बाळाचे तर वारंवार.

तूप घरीच राहिलं

आमच्या घरात सर्वांत मोठा वाद यावर झाला. युरोपियन संघाबाहेरून येताना दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाळाचं तयार खाणं यांना सवलत आहे: माणशी दोन किलोपर्यंत, फ्रिजमध्ये ठेवावं न लागणारं आणि कंपनीच्या बंद पाकिटातलं. फोडलेलं चालतं ते फक्त सध्या वापरात असलेलं. बडोद्याहून निघताना कढवलेल्या तुपाची बरणी आजीनं स्वतःच्या हातानं परत फडताळात ठेवली.

जहाजाचे नियम आणखी वेगळे. घरी शिजवलेलं खाणं बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. इलेक्ट्रिक किटली, कुकर, इंडक्शन यांनाही आगीच्या भीतीने मनाई असते. म्हणजे केबिनमध्ये खिमट शिजवता येणार नाही. आम्ही पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला सांगून ठेवलं: बाळासाठी मीठ न घातलेला मऊ भात, उकडलेला बटाटा, गाजर. ते रोज मिळालं. केळं आणि दही सकाळी असायचंच. एक वर्षाखाली मीठ, साखर आणि मध नको, हे वाढणाऱ्यांना स्पष्ट सांगावं लागतं, कारण लाडाने कोणीही काहीही पुढे करतं. बाटल्यांसाठी उकळतं पाणी मागितलं की मिळायचं, तरी थंड पाण्यात बाटल्या निर्जंतुक करायच्या गोळ्या सोबत असाव्यात.

डायपर जहाजावर महाग मिळतात आणि हवा तो आकार असेलच असं नाही. आम्ही दोन दिवस आधी बार्सिलोनाला पोहोचून तिथे घेतले. रविवारी तिथली बरीचशी सुपरमार्केटं बंद असतात, हे लक्षात ठेवा.

जहाजावर काय मिळत नाही

जाहिरातीतला पोहण्याचा तलाव बाळासाठी नसतो. डायपर लावणाऱ्या मुलांना, पोहण्याचा खास डायपर असला तरी, बहुतेक जहाजांवर तलावात सोडत नाहीत. काही मोठ्या जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी पाण्याची जागा असते. मुलांचा क्लब साधारण तीन वर्षांपासून पुढच्यांसाठी असतो. त्याखालच्यांसाठी पाळणाघर मोजक्याच जहाजांवर असतं.

निघण्याआधी सुरक्षेचा सराव सर्वांना सक्तीचा असतो. तेव्हाच बाळाचं जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि एकदा घालून पाहा. आमच्या केबिनमध्ये ते ठेवलेलं नव्हतं, मागितल्यावर लगेच आलं.

बंदरं: सगळं बघायचं नाही

फोल्ड होणारी हलकी बाबागाडी आणि अंगाला बांधायची झोळी, दोन्ही हवीत. जुन्या गावांत दगडी फरसबंदी आणि पायऱ्या फार. किनारा जवळ की लांब, हे आधी पाहा. जेनोवात जहाज शहरालाच लागतं. चालत जाण्याच्या अंतरावर जुन्या बंदरात 1992 मध्ये सुरू झालेलं मोठं मत्स्यालय आहे. नात तिथे काचेसमोर अर्धा तास थक्क होऊन बसली होती. पालेर्मोतही 1897 मध्ये उघडलेलं तेआत्रो मास्सिमो बंदरापासून चालत गाठता येतं. मार्सेयचं क्रूझ बंदर मात्र जुन्या बंदरापासून बरंच दूर आहे, बस घ्यावी लागते. आणि चिवितावेक्किया ते रोम हे अंतर सत्तर किलोमीटरहून जास्त आहे.

रोमला आम्ही दिवसभराची बससहल घेतली, आणि तीच चूक झाली. जाताना दीड तास, येताना वाहतुकीमुळे त्याहून जास्त. ऊन, गर्दी, झोपेची वेळ टळलेली. कोलोसियमसमोर आमचे फोटो निघाले, लेक मात्र सावली शोधून बाळाला पाजत बसली होती. त्या रात्री जेवायला ती आली नाही. आजी बोलवायला गेली तेव्हा म्हणाली, "आई, तुम्ही युरोप बघायला आलात. मी बाळ सांभाळायला आलेय. ते तर मला घरीही करता आलं असतं."

आम्हाला राग आला नाही, लाज वाटली. चार दिवसांत ती एकदाही निवांत बसून जेवली नव्हती, आणि आम्ही "बाळाला आईच लागते" म्हणून मोकळे झालो होतो.

पाळी लावा, कागदावर

त्याच रात्री कागदावर दिवसाचे चार भाग केले: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक भागाला एका माणसाचं नाव. जावयांनी रात्री स्वतःकडे घेतल्या. बाळ अजून अंगावर पीत होतं, म्हणून लेकीची सुट्टी तीन तासांहून लांबवायची नाही एवढाच नियम. पालेर्मोला सकाळी पाजून ती आणि जावई दोघंच उतरली. आम्ही नातीला घेऊन डेकवर सावलीत बसलो. मधल्या दारामुळे दुपारची तिची झोप आमच्या केबिनमध्ये झाली. पाल्माचं कॅथीड्रल लेकीनं एकटीनं पाहिलं. परतली तेव्हा तिच्या हातात कोणाचीही बाटली नव्हती, फक्त आइस्क्रीम होतं.

आम्हाला पालेर्मो दिसलं नाही, हे खरं. पण डेकच्या कठड्याला नव्हे, आमच्या बोटांना धरून नात त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिली.

म्हणून जायचं ठरवणाऱ्या कुटुंबांना आमचं सांगणं एवढंच: केबिन, व्हिसा, डायपर यांची यादी कराच, पण बुकिंगचे पैसे भरण्याआधी पाळीचा कागदही करा. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यावर त्यांची नावं सर्वांत आधी लिहा.