बहुरूपी खेळण्याचा रूपविचार
(यंत्रमानव-खेळण्याच्या मूल्यमापनाचे काही निकष)

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने एका खेळण्याची चर्चा करावी, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. परंतु येथे ज्या खेळण्याचा विचार करावयाचा आहे, ते त्याच घटकांपासून दोन किंवा अधिक रूपे सिद्ध करणारे खेळणे आहे. आणि एका प्रकृतीपासून अनेक रूपे कशी सिद्ध होतात, हा व्याकरणाचा तर जुनाच विषय. मोटारीचा यंत्रमानव व यंत्रमानवाची पुन्हा मोटार करता येणारी ही खेळणी पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातील घरांतूनही आढळतात. आईवडील, मुले आणि संग्राहक त्यांचे मूल्यमापन करीतच असतात. मात्र कोणत्या निकषांवर, हे क्वचितच कोणी स्पष्ट करतो. खोक्यावर छापलेली रूपांची संख्या हाच बहुधा निकष ठरतो. तो अपुरा का आहे व त्याच्या जागी काय ठेवावे, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

(१) नावाचा विचार

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर गेला. तो सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेतील ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचे श्रम. मराठीत ज्याला आपण वेठ म्हणतो, ती. आपला ‘यंत्रमानव’ हा शब्द त्या नाटकातील पात्राच्या देहाचे वर्णन करतो, त्याच्यावर लादलेल्या कामाचे नाही.

या विशिष्ट खेळण्यासाठी मात्र मराठीत एक तयार शब्द आहे, तो म्हणजे ‘बहुरूपी’. पोलिसाच्या वेषात दारी येऊन खोटा दरारा दाखविणारा बहुरूपी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील मर्म सांगावयास नको. क्षणभर आपण दचकतो आणि लगेच हसतो. कारण पोलीस व बहुरूपी हे दोघेही एकाच वेळी दिसत असतात. वेष इतका कच्चा असेल की पोलीस दिसूच नये, तर खेळ फसतो. तो इतका पक्का असेल की बहुरूपी दिसूच नये, तरीही खेळ संपतो. आपल्या खेळण्याचा आनंद नेमका याच जातीचा आहे. मोटार पाहताना तिच्यात दडलेला मानव आठवला पाहिजे, आणि मानव पाहताना मोटारीचे अवयव ओळखू आले पाहिजेत.

(२) पूर्वपीठिका

या खेळण्यांचा उगम जपानी आहे. टाकारा या कंपनीच्या ‘डायाक्लोन’ मालिकेत १९८२ पासून, खऱ्या मोटारीच्या एकसाठांश प्रमाणात घडविलेले मोटार-यंत्रमानव येऊ लागले. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ही व ‘मायक्रोमॅन’ मालिकेतील खेळणी घेऊन १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळणे ‘ऑप्टिमस प्राइम’ याचे. त्याची रचना आपल्या विवेचनाला फार उपयोगी आहे. मालमोटारीच्या चालक-कक्षाच्या काचा हीच यंत्रमानवाची छाती होते. काचेचा एकच तुकडा दोन्ही रूपांत कामाला येतो, आणि दोन्ही ठिकाणी तो शोभतो. याउलट, त्या मूळ खेळण्याच्या मुठी सुट्या होत्या. त्या वेगळ्या ठेवून नंतर मनगटात बसवाव्या लागत. मागची मोठी गाडी तर यंत्रमानवाच्या देहात सामावलीच नाही. ती बाजूला राही आणि उघडून तिचा तळ केला जाई. मुठी हरवल्याची तक्रार या खेळण्याच्या जुन्या संग्राहकांत सर्वत्र ऐकू येते, ती उगीच नव्हे.

(३) रूपसिद्धीचे तीन प्रकार

मराठीच्या अभ्यासकाला या उदाहरणात ओळखीचे काही दिसेल. आपल्या भाषेत रूपे ढोबळमानाने तीन रीतींनी सिद्ध होतात. पहिल्या रीतीत प्रकृतीच थोडी बदलते: ‘घोडा’ याचे सामान्यरूप ‘घोड्या-’. द्रव्य तेच राहते, मांडणी फिरते. दुसऱ्या रीतीत बाहेरून काही जोडले जाते: ‘-ला’, ‘-ने’, ‘-चा’. तिसऱ्या रीतीत एका रूपाच्या जागी सर्वस्वी दुसरेच येऊन बसते: ‘जातो’ परंतु ‘गेला’. ‘जा’ व ‘गे’ यांत समान ध्वनी एकही नाही. तरीही वापराच्या सवयीने आपण त्यांना एकाच क्रियापदाची रूपे मानतो.

खेळण्यांतही हेच तीन प्रकार आढळतात. काचांची छाती होणे हा पहिला प्रकार. सुट्या मुठी हा दुसरा. तिसऱ्याचे उदाहरण १९८८ च्या ‘प्रिटेंडर’ मालिकेत मिळते. तेथे यंत्रमानव एका पोकळ, सजीवासारख्या कवचात बसविलेला असे. कवच आणि आतील मानव यांचे द्रव्य वेगळे. एकाच्या जागी दुसरा येतो, इतकेच. अशा खेळण्यात काही मौज नाही असे नाही; पण त्यास रूपांतर म्हणण्यापेक्षा आच्छादन म्हणणे अधिक यथार्थ होईल.

यावरून पहिला निकष असा निघतो: प्रत्येक भागास विचारावे, की तू प्रत्येक रूपात कोणते काम करतोस? ज्या भागाला एका रूपात काम आहे पण दुसऱ्यात तो केवळ पाठीवर लोंबतो, त्याला आपण ‘शेष’ म्हणू. शेष जितका कमी, तितकी रचना श्रेष्ठ.

(४) रूपांची संख्या

आता संख्येकडे वळू. १९८५ साली ‘ब्लिट्झविंग’ व ‘अ‍ॅस्ट्रोट्रेन’ ही तीन रूपांची खेळणी आली. पहिले यंत्रमानव, विमान व रणगाडा होई. दुसरे यंत्रमानव, अवकाशयान व आगगाडीचे इंजिन. १९८७ च्या ‘सिक्सशॉट’ची रूपे सहा होती, आणि त्यांत एक लांडगाही होता.

दोन रूपे असतील तर प्रत्येक भागाला दोन कामे सांभाळावयाची असतात. सहा असतील तर सहा. विमानाचे पंख रणगाड्यात कोठे जातील? ते दडवावे लागतात, किंवा मग रणगाड्यालाही पंखांसारखे काहीतरी राहते. रूपे वाढत गेली की प्रत्येक रूपाची स्पष्टता कमी होत जाते, आणि शेवटी ‘हा लांडगा आहे’ हे पाहणाऱ्याला सांगावे लागते. जे रूप सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही, ते संख्येत धरू नये. हा दुसरा निकष होय. व्याकरणातही, ज्या रूपाचा प्रयोग कोणी करीत नाही, ते केवळ कोष्टक पूर्ण करण्यासाठी लिहिले, तर त्यास रूप म्हणावे काय?

(५) दोन परीक्षक

हे निकष केवळ पुस्तकी नाहीत, याची प्रचीती मला शेजारच्या घरात आली. हे गृहस्थ भोसरीतील एका लहान कारखान्यात प्लास्टिकच्या सुट्या भागांचे साचे बनवितात. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलासाठी तीन रूपांचे एक खेळणे आले होते. कोणाचे, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. मी दोघांनाही त्याची परीक्षा करावयास सांगितले.

वडिलांनी रूपाकडे पाहिलेच नाही. त्यांनी प्रथम साच्याच्या दोन अर्ध्या भागांची सांधरेषा नखाने तपासली, मग प्रत्येक सांधा दोन बोटांत धरून हलविला. “हा सांधा शंभर वेळा फिरला की ढिला होणार,” असे त्यांनी खांद्याबद्दल सांगितले. प्लास्टिक कोठे कठीण हवे व कोठे घर्षण सोसणारे हवे, याचा त्यांचा हिशेब पक्का होता. द्रव्याची चूक ही पुढे दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर वापरलेले सोनेरी झाकेचे काही प्लास्टिक कालांतराने भुसभुशीत होऊन हातात चुरते, हे संग्राहकांना ठाऊक आहे.

मुलाने कागदावरील सूचना बाजूला ठेवल्या आणि भाग फिरवीत बसला. मोटारीपासून मानवापर्यंत तो चटकन पोहोचला. परंतु मानवापासून विमानापर्यंत जाताना तीनदा अडला, आणि एकदा जोर लावल्यामुळे पंखाची खुंटी निखळली. “बाबा, हे उलटं करताच येत नाही,” ही त्याची तक्रार होती. मला ती अत्यंत महत्त्वाची वाटली. मोठी माणसे रूपे पाहतात. मूल रूपांमधील मार्ग पाहते. ज्या मार्गाने गेलो त्याच मार्गाने परत येता आले पाहिजे, पुढची पायरी हाताला सुचली पाहिजे, आणि चुकल्यास खेळणे मोडू नये. हा तिसरा निकष. आणि माझ्या मते सर्वांत मोठा.

त्या पंखाच्या खुंटीवरून सुरक्षिततेचा मुद्दाही ओघाने येतो. १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आवश्यक आहे, व आयएस ९८७३ हे मानक त्यास लागू होते. खोके हाती घेताना रूपांची संख्या वाचण्यापूर्वी हे चिन्ह पाहावे.

(६) मूळ कोणते आणि रूप कोणते?

शेवटी आपल्या परिसरातील एक उदाहरण. २००९ साली प्रदर्शित झालेल्या ट्रान्सफॉर्मर्स मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात ‘स्किड्स’ नावाचा हिरवा यंत्रमानव आहे. त्याचे मोटार-रूप म्हणजे शेव्हरोले ‘बीट’ ही नमुना-गाडी. ती २००७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. चित्रपटातील या पात्राच्या बोलण्यावर कृष्णवर्णीयांच्या भाषेची टवाळी केल्याची सार्थ टीका झाली. पण तो पात्राचा दोष, खेळण्याच्या रचनेचा नव्हे, आणि मूल्यमापनात हे दोन वेगळे ठेवले पाहिजेत.

स्किड्सचे खेळणे २००९ मध्येच बाजारात आले. प्रत्यक्ष ‘बीट’ भारतात विक्रीस आली ती जानेवारी २०१० मध्ये, आणि ती तयार होत होती तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात, चाकणच्या शेजारी. म्हणजे येथील रस्त्यावर खेळणे आधी आणि ‘मूळ’ गाडी नंतर! आणखी एक गंमत. नमुना-गाडीला बाजूचे दार एकेकच होते. विक्रीच्या गाडीला दोन-दोन. परंतु मागच्या दाराची मूठ खिडकीच्या चौकटीत अशी दडविली होती, की गाडी दुरून एकदारीच भासावी. सांधा लपविण्याची ही युक्ती खेळणे घडविणाऱ्याचीच. तेव्हा प्रकृती कोणती आणि विकृती कोणती, हे केवळ कालक्रमाने ठरविता येत नाही. व्याकरणात तरी ते कोठे ठरते?

त्या कारखान्याचेही पुढे रूपांतर झाले. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले, आणि २०२४ च्या प्रारंभी तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. मधल्या काळात हजाराहून अधिक कामगारांच्या नोकरीचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला. खेळण्याला लावलेला शेषाचा निकष येथे लावल्याविना राहवत नाही. इमारत तीच, यंत्रशाळेची जागा तीच, नाव नवे. परंतु जुन्या रूपात ज्यांना काम होते, त्यांना नव्या रूपात कोणते काम मिळाले, हे विचारल्याशिवाय रूपांतर पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.

उपसंहारादाखल इतकेच सांगावयाचे, की बहुरूपी खेळण्याची परीक्षा करताना रूपे मोजू नयेत. शेष किती उरतो, प्रत्येक रूप न सांगता ओळखू येते काय, आणि जाण्याचा मार्ग परत येण्यासही उपयोगी पडतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखादे खेळणे घेऊन त्याच्या भागांचे व रूपांचे कोष्टक मांडून पाहावे. उभ्या ओळीत भाग, आडव्या ओळीत रूपे, आणि प्रत्येक घरात त्या भागाचे काम. जी घरे रिकामी राहतील, तेथे शेष आहे असे समजावे. माझ्या शेजाऱ्यांच्या त्या खेळण्याचे असे कोष्टक आम्ही तिघांनी मिळून केले, तेव्हा विमानाच्या स्तंभात नऊ घरे रिकामी निघाली. पंखाची खुंटी वडिलांनी पुन्हा बसवून दिली; मुलगा मात्र आता ते खेळणे दोन रूपांचेच मानतो.