ब्याण्णवांची हजेरी

सारख्या बाजूंचे समभुज त्रिकोण, चौरस, सुसम पंचकोन पुठ्ठ्यातून कापावेत आणि कडेला कड चिकटवून, कोठेही खळगा न ठेवता, बंद घनाकृती करावी. अशा आकृती किती प्रकारच्या होतील?

आम्ही शाळेत नव्हे, कात्री घेऊनच हे शिकलो. एका बिंदूपाशी चार चौरस आणले तर 360 अंश भरतात आणि पुठ्ठा सपाट पडतो. तीनच आणले तर 90 अंशांची तूट राहते व कोपरा उभा राहतो. घनाचे असे आठ कोपरे. एकूण तूट 720. आणि मौज ही, की खळगा नसलेली कोणतीही आकृती घ्या, सगळ्या कोपऱ्यांची तूट मिळून 720च भरते!

प्लेटोच्या नावाच्या पाच व आर्किमिडीजच्या तेरा आकृती प्रसिद्धच आहेत. खाली-वर एकच सुसम बहुभुज ठेवून मध्ये चौरसांचा किंवा त्रिकोणांचा पट्टा बसवला की न संपणाऱ्या दोन मालिका मिळतात. उरलेल्यांची यादी नॉर्मन जॉन्सन ह्या अमेरिकन गणितज्ञाने 1966 साली दिली : 92.

पण हजेरीपट लिहिणे सोपे. त्यातून कोणी सुटला नाही हे सिद्ध करणे कठीण. सुटलेल्या बदली कामगाराचे पैसे बुडतात, हे आम्हां युनियनवाल्यांना पुरते ठाऊक आहे. आर्किमिडीजच्या एका आकृतीला आठ त्रिकोण व अठरा चौरस असतात. तिचे टोपण 45 अंश फिरवा : पृष्ठे तेवढीच, प्रत्येक कोपऱ्यात पूर्वीसारखेच तीन चौरस व एक त्रिकोण, तरी आकृती निराळी! जॉन्सनच्या यादीत ती सदतिसावी.

यादी पुरी असल्याचा पुरावा तेव्हाच्या लेनिनग्राडमधील व्हिक्टर झाल्गालर ह्यांनी दिला. रशियन ग्रंथ 1967चा, इंग्रजी भाषांतर 1969चे. त्र्याण्णवावी आकृती नाही.