परसातला एरंड

आज एरंडाबद्दल बोलू या. मिरगाच्या पावसावर बी टाकली की दिवाळीपर्यंत झाड आपल्या डोक्यावर जातं. पंजासारखी मोठी पानं, मोरीच्या बाजूला छान आडोसा. पण गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या नातवाने खेळता खेळता त्याच्या दोन बिया चावून खाल्ल्या. संध्याकाळपासून उलट्या आणि जुलाब. ताई म्हणाल्या, "अहो, एरंडेल तर आपण पोट साफ व्हायला घेतो, मग बीने काय होणार?" पोराला दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं.

इथंच आपली गल्लत होते. बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. म्हणून तुरीला एरंडेल चोळून ठेवणारी बाई चुकत नाही, पण ती पेंड म्हशीपुढे गेली तर जनावर दगावू शकतं. बी चावली गेली तर धोका जास्त. त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे "आत्ता तर बरा आहे" म्हणून थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. तोंडातले तुकडे काढा, 108 ला फोन करा आणि उरलेल्या बिया डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. कुंपणाला लावतात तो मोगली एरंड वेगळा, पण त्याची बीही विषारी. ती शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून मुलं फसतात.

मग एरंड लावूच नये का? मी लावते, पण अंगणात नाही, सोयाबीनच्या बांधाला. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग एरंडाच्या रुंद पानांवर आवडीने अंडी घालतो. पानाच्या मागे भुरकट लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसतो, नाहीतर लहान अळ्यांनी खाऊन पान जाळीदार झालेलं असतं. असं पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवायचं. फवारणीचा खर्च कमी होतो. मात्र दर दोन-तीन दिवसांनी फेरी हवी, नाहीतर आपणच अळ्या पोसल्या म्हणायच्या!

लावणं सोपं. पाणी साचणार नाही अशी जागा, मूठभर शेणखत, दोन बोटं खोल दोन बिया. दहा-पंधरा दिवसांत उगवतात, मग जोमदार रोप तेवढं ठेवा. दोन झाडांत तीन-चार फूट अंतर सोडा.

घराजवळ झाड असेलच, तर काटेरी हिरवी बोंडं दिसली की अख्खा घोस कापा. बोंडं वाळली की तडकून बिया लांब उडतात, आणि गोचिडासारख्या त्या ठिपकेदार बिया मुलांना गोट्यांसारख्या वाटतात. कापलेला घोस शेळीपुढे टाकू नका, खड्ड्यात पुरा. पुढच्या सालासाठी बी ठेवायची तर डब्यावर नाव लिहून माळ्यावर ठेवा, कडधान्याच्या डब्यांशेजारी नको.