डिझेल एंजिनाच्या पोटातील वीजघर

रुळांच्या जवळ वसलेल्या गावांतील शाळेत आगगाडीचा पाठ चालू असता मुलांकडून दोन प्रश्न हमखास येतात. गाडी स्थानकात उभी असली तरी डिझेल एंजिन का धडधडत असते? आणि तेच एंजिन तोंड न फिरविता उलट दिशेने कसे धावते? पुष्कळदा ‘ते मालमोटारीसारखेच चालते’ एवढे सांगून पाठ पुढे नेला जातो. हे उत्तर बरोबर नाही. या एंजिनाची चाके तेलावर चालणारे यंत्र फिरवीत नाही. ती वीज फिरविते. हे नीट समजावून देण्यासाठी भारतीय रेल्वेवरील डब्ल्यूडीएम-२ या जातीचे एंजिन घेणे सोयीचे आहे.

प्रथम नावाचा अर्थ पाहावा. ‘डब्ल्यू’ हे अक्षर रुंद मापाच्या रुळांसाठी, म्हणजे १,६७६ मिलिमीटर अंतराच्या रुळांसाठी आहे. ‘डी’ म्हणजे डिझेल, आणि ‘एम’ म्हणजे मिश्र. प्रवाशांची गाडी व मालगाडी या दोन्ही ओढण्यास योग्य असे. या एंजिनाचा आराखडा अमेरिकेतील ‘अल्को’ कंपनीचा. पहिली एंजिने १९६२ साली तेथून आली. पुढे १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. आरंभी बरेचसे भाग परदेशातून येत. हळूहळू ते येथेच घडू लागले. १९६९ साली मूळ कंपनीने एंजिने बांधणे बंद केले, तरी वाराणसीतील काम अनेक वर्षे चालूच राहिले आणि या जातीची अडीच हजारांहून अधिक एंजिने भारतात धावली. दुसऱ्याकडून शिकलेली विद्या पूर्णपणे आपली कशी करून घ्यावी, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता रचनेकडे वळू. या एंजिनात १६ सिलिंडरांचे डिझेल यंत्र असते. आठ-आठ सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे एकमेकींकडे कललेल्या असतात. यंत्राची शक्ती २,६०० अश्वशक्ती. मुलांना ही संख्या नुसती सांगून काहीच बोध होणार नाही. विहिरीवरील ऑईल एंजिन ५ अश्वशक्तीचे धरले, तर अशी ५२० एंजिने एकत्र केल्यावर ही शक्ती होते, हे त्यांच्याकडूनच गणित करवून घ्यावे.

एवढे बळ असूनही डिझेल यंत्रात एक उणीव असते. ते थांबलेल्या अवस्थेतून भार उचलू शकत नाही. विशिष्ट गतीने फिरत असेल तरच ते बळ देते. मालमोटारीत ही अडचण क्लच व गिअर यांनी दूर होते. परंतु शेकडो टनांची गाडी जागची हलविताना त्यांवर एवढा भार सोपविणे फार अवघड असते. म्हणून येथे निराळी युक्ती योजिली आहे. डिझेल यंत्र एक जनित्र फिरविते. जनित्रात उत्पन्न झालेली वीज जाड तारांतून खाली सहा मोटारींकडे जाते. प्रत्येक आसास एक मोटार जोडलेली असते. ही मोटार अशा प्रकारची असते की, गाडी उभी असताना, जेव्हा ओढीची सर्वांत अधिक गरज असते, तेव्हाच ती सर्वांत अधिक ओढ देते. डिझेलची उणीव वीज अशी भरून काढते.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गाडी उभी असताना यंत्र मंद गतीने फिरत असते, पण मोटारींकडे वीज सोडलेली नसते. ब्रेकसाठी लागणारी यंत्रणाही त्याच फिरण्यावर चालू राहते. चालक हाताशी असलेला दांडा एकेक खाच पुढे सरकवितो. अशा आठ खाचा असतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही सोपे आहे. डिझेल यंत्र नेहमी एकाच दिशेने फिरते. मोटारीतील विजेच्या जोडणीत बदल केला की केवळ चाके उलट फिरतात.

हे वर्गात दाखविता येते. खेळण्यातील दोन लहान मोटारी घ्याव्यात व त्यांच्या तारा एकमेकींस जोडाव्यात. एका मोटारीच्या दांड्यास दोरा गुंडाळून तो झटक्याने ओढावा. दुसरी मोटारही फिरते. मग तारांची अदलाबदल करून पुन्हा दोरा ओढावा. दुसरी मोटार आता उलट फिरते. दुसऱ्या मोटारीच्या दांड्यावर कागदाचा तुकडा चिकटविल्यास शेवटच्या बाकावरील मुलासही हे दिसते.

गणिताचा आणखी एक भाग येथे साधतो. एंजिनाचे वजन ११२.८ टन असते. ते सहा आसांवर सारखे वाटले, तर प्रत्येक आसावर १८.८ टन भार येतो. हे वजन व्यर्थ नव्हे. ते नसते तर पोलादी चाके पोलादी रुळांवर जागच्या जागी घसरली असती. एवढ्यानेही घसरण थांबली नाही, तर चाकांपुढे वाळू सोडतात.

डिझेल एंजिनांचे युग आता सरत आहे. मोठ्या मार्गांवर विद्युतीकरण झाले असून कोकण रेल्वेवर ते काम २०२२ साली पूर्ण झाले. येथेच शिक्षकांनी विशेष सावध व्हावयास हवे. डिझेलच्या काळात वीज एंजिनाच्या पोटात होती. आता ती मुलांच्या डोक्यावरील तारेत आहे आणि तिचा दाब २५,००० व्होल्ट आहे. उभ्या मालडब्यावर चढणे, तारेजवळ लांब काठी नेणे, अडकलेला पतंग ओढणे, यांपैकी काहीही जीवघेणे ठरते. तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागत नाही. फार जवळ जाण्यानेही वीज अंगावर झेप घेते. शिवाय विजेची गाडी डिझेलप्रमाणे दुरून धडधडत येत नाही. आवाज नाही म्हणून गाडी नाही, ही जुनी सवय मुलांनी सोडली पाहिजे. रूळ ओलांडावयाचे ते फाटकातून किंवा पुलावरूनच.

एंजिनाच्या पोटातील वीज ज्या मुलास समजली, त्यास वरच्या तारेतील वीजही समजेल. तेव्हा हे दोन्ही पाठ एकाच दिवशी घ्यावेत.