संगणकातला गाविलगड

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला संगणकावर उभारताना मापं अचूक घेतली, तरी तो वारुळाएवढा दिसू शकतो. डोळा आकार जोखतो ओळखीच्या वस्तूंवरून. तटाखाली एक चरती गाय ठेवा. पडद्यावर ती ठिपक्याएवढीच, पण तटाची उंची लगेच कळते.

त्याहून महत्त्वाची हवा, आणि नवशिके नेमकी तीच विसरतात. मेळघाटच्या रांगा दूर जातात तशा फिकट, निळसर होतात, कारण मधली हवा प्रकाश विखुरते. हा फिकेपणा अंतरानुसार वाढवला नाही, तर मागचा डोंगर पुढच्याला चिकटतो.

संगणकातला कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर असावा. मागचं दृश्य लेन्सने धूसर मात्र करू नये. तशी धूसरता छोट्या वस्तूंच्या जवळून काढलेल्या फोटोंत येते, म्हणून किल्ला खेळण्यातला वाटतो.